माशांचा दवाखाना : पुडी फोडण्याआधी

या महिन्याच्या टपालात निम्म्याहून अधिक पत्रांचा सूर एकच आहे : मासे मरताहेत, कुठलं प्रोबायोटिक (उपकारक जिवाणूंची पावडर) टाकू? सोबत पाकिटाचा फोटो असतो. लेबलावरचं शेवटचं अक्षरही वाचता येतं, पण मेलेल्या माशाचा फोटो नसतो आणि पाण्याचा एकही आकडा नसतो. पुढच्या वेळी उलट करा. पाकीट मला माहीत आहे, मासा नाही.

प्रश्न : ताई, आमच्या तळ्यातले कार्प आठवडाभर रोज थोडे थोडे मरताहेत. अंगावर लाल चट्टे, काहींचं पोट फुगलेलं, खवले उभे राहिलेले. विक्रेत्याने बॅसिलसची पावडर दिली. दोनदा टाकली, फरक नाही. डोस दुप्पट करू का?

नको. पावडर तूर्त बाजूला ठेवा.

तुम्ही लिहिलेली लक्षणं गोड्या पाण्यात बहुतेक वेळा एरोमोनास हायड्रोफिला आणि त्याच्या भाऊबंदांकडे बोट दाखवतात. हा जिवाणू तुमच्या तळ्यात कोणी आणून टाकलेला नाही. तो गोड्या पाण्यात असतोच, धडधाकट माशाच्या आतड्यातही सापडतो. म्हणून 'कुठून आला' यापेक्षा 'आताच का उसळला' हे शोधायला हवं. मत्स्यरोगशास्त्रज्ञ स्निएश्को यांनी १९७० च्या दशकात तीन एकमेकांत अडकलेली वर्तुळं काढून हे मांडलं : मासा, रोगजंतू आणि परिसर. तिन्ही जिथे एकमेकांवर येतात तेवढ्याच जागेत रोग असतो. तुमची पुडी यातल्या एकाच वर्तुळाला हात लावते, तोही जरासाच.

उद्या सूर्य उगवायच्या आत तळ्यावर जा आणि विरघळलेला प्राणवायू मोजा. रात्रभर शेवाळ, मासे, तळाचा गाळ सगळेच प्राणवायू वापरतात, त्यामुळे पहाटेचा आकडा सर्वांत खालचा असतो. दुपारी मोजून 'ठीक आहे' म्हणण्यात अर्थ नाही. लिटरला ५ मिलिग्रॅम असेल तर निश्चिंत राहा. ३ च्या खाली जात असेल तर मासे रोज रात्री गुदमरताहेत आणि दिवसा तुम्हाला रोग दिसतो आहे.

मग दुपारी सामू (पाणी आम्ल की अल्कधर्मी ते सांगणारा pH) आणि अमोनिया मोजा, दोन्ही एकाच वेळी. नुसता अमोनियाचा आकडा अर्धवट असतो. २५ अंश तापमानाला सामू ७ असेल तर एकूण अमोनियातला जेमतेम अर्धा टक्का विषारी रूपात असतो. सामू ८ ला पाच टक्के, ९ ला छत्तीस टक्के. हिरव्यागार तळ्यात दुपारी सामू ९ पर्यंत सहज चढतो. म्हणजे सकाळी निरुपद्रवी असलेलं तेच पाणी तिसऱ्या प्रहरी कल्ले जाळू शकतं.

आता मासा. तपासणीसाठी मेलेला मासा पाठवू नका. कोमट पाण्यात मेलेल्या माशाच्या अंगात काही तासांत सगळ्या तऱ्हेचे जिवाणू शिरलेले असतात; त्यातून काहीही उगवतं आणि काहीही सिद्ध होत नाही. आजारी पण जिवंत मासा पाण्यासकट प्रयोगशाळेत न्या. तिथे मूत्रपिंडातून नमुना घेऊन जिवाणू वाढवतात आणि कोणतं प्रतिजैविक त्याला लागू पडतं तेही बघतात. त्याआधी कल्ल्याचा कातरलेला छोटा तुकडा पाण्याच्या थेंबात ठेवून सूक्ष्मदर्शकाखाली पाहायला सांगा. ही माझी जुनी खोड आहे आणि तिचा मला कधी पश्चात्ताप झाला नाही. 'जिवाणूचा रोग' म्हणून आलेल्या माशांच्या कल्ल्यांवर चपटे कृमी वळवळताना किंवा ट्रायकोडिना हा सूक्ष्म परजीवी चकतीसारखा गरगर फिरताना मी कितीदा तरी पाहिला आहे. परजीवींनी कातडी फोडलेली असते, जिवाणू मागून आत शिरलेला असतो. अशा वेळी जिवाणूवर कितीही मारा केलात तरी दार उघडंच राहतं.

अहवाल येईपर्यंत खाद्य निम्मं करा, अमोनिया चढलेला असेल तर बंदच. माशाने खाल्लेल्या प्रथिनांतूनच अमोनिया तयार होऊन कल्ल्यांवाटे बाहेर पडतो, त्यामुळे खाद्य थांबवणं हा अमोनियावरचा सर्वांत जलद आणि फुकटचा उपाय आहे. मेलेले मासे दिवसातून दोनदा काढून तळ्यापासून दूर पुरा. रात्री एअरेटर (पाण्यात हवा मिसळणारं यंत्र) चालवा, थोडं पाणी बदला आणि या दिवसांत जाळं मुळीच ओढू नका. खरचटलेल्या मत्स्यत्वचेइतकी एरोमोनासला आवडणारी दुसरी जागा नाही.

एक गोष्ट विक्रेते सांगत नाहीत. आजारी मासा आधी खाणं सोडतो. त्यामुळे खाद्यातून दिलेलं प्रोबायोटिक, आणि औषधसुद्धा, मुख्यतः निरोगी माशांच्या पोटात जातं. जे आजारी आहेत ते कडेला उभे असतात. मरतुक थांबून मासे पुन्हा खाद्यावर तुटून पडू लागले की मला परत लिहा, तेव्हा प्रोबायोटिकचं बोलू.

प्रश्न : पाण्यात टाकायच्या प्रोबायोटिकने अमोनिया कमी होतो असं पाकिटावर आहे. एका ग्रॅममध्ये शंभर कोटी जिवाणू आहेत म्हणे. मग परिणाम का दिसत नाही?

शंभर कोटी ऐकायला भरभक्कम वाटतात. हिशेब करू. एक किलो पावडर म्हणजे एक लाख कोटी जिवाणू. तुमचं तळं एक हजार घनमीटरचं धरलं तर त्यात शंभर कोटी मिलिलिटर पाणी आहे. भागाकार केला की मिलिलिटरमागे एक हजार जिवाणू येतात. तळ्याच्या पाण्यात आधीपासून किती असतात? मिलिलिटरला दहा लाखांच्या आसपास, खतावलेल्या तळ्यात त्याहून जास्त. म्हणजे गच्च भरलेल्या जत्रेत हजारामागे एक पाहुणा शिरला. पाकिटातले सगळे जिवाणू जिवंत आहेत असं धरून केलेला हा हिशेब आहे, आणि ते धरणं उदारपणाचं आहे.

आता अमोनियाचं. अमोनियाचं नायट्राइट आणि पुढे नायट्रेट करणारे जिवाणू वेगळ्या घराण्यातले : नायट्रोसोमोनास, नायट्रोस्पिरा वगैरे. ते बॅसिलससारखे बीजाणू, म्हणजे वाळून टिकणारं सुप्त रूप, बनवत नाहीत, त्यामुळे कोरड्या पुडीत महिनोनमहिने टिकणं त्यांना जमत नाही. त्यांची वाढ मंद असते, त्यांना चिकटायला पृष्ठभाग लागतो, आणि प्राणवायू तर भरपूर लागतो : एक मिलिग्रॅम अमोनिया-नत्राला साडेचार मिलिग्रॅमहून अधिक. शिवाय पाण्याची क्षारताही ते खर्च करतात. पुडीत असतो तो बहुधा बॅसिलस. तो सेंद्रिय कचरा खातो, आणि खाताना प्राणवायू ओढतो. एअरेटर नसलेल्या तळ्यात संध्याकाळी भरपूर पावडर आणि उसाची मळी ओतून पहाटे मासे तरंगल्याची पत्रं मला येत असतात. त्यात जिवाणू वाईट नव्हता, वेळ वाईट होती.

ऑबर्न विद्यापीठाचे क्लॉड बॉइड यांनी कॅटफिशच्या तळ्यांत अशा पावडरींची कसून परीक्षा घेतली. पाण्याच्या आकड्यांत बहुतेक वेळा फरक सापडला नाही. मात्र १९९८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या एका प्रयोगात बॅसिलस टाकलेल्या तळ्यांत मासे जास्त वाचले, पाणी जवळपास तसंच राहूनही. हे मला फार बोलकं वाटतं. फायदा झाला असेल तर तो माशाच्या पोटात किंवा अंगावर कुठेतरी झाला. अमोनियाच्या शीशीत तो दिसायचा नाही. म्हणून 'पाणी सुधारतं' या दाव्यासाठी पैसे मोजू नका. अमोनियासाठी खाद्य कमी, हवा जास्त, गाळ उपसा.

प्रश्न : मग खाद्यातून द्यावं का? माझ्याकडे पावडर आहे. ती मळीच्या पाण्यात रात्रभर फुगवून मग खाद्याला लावावी असं एका ओळखीच्या मत्स्यपालकाने सांगितलं.

खाद्यातून देणं हाच मला पटणारा मार्ग आहे, कारण आतड्याची जागा लहान असते आणि तिथे हिशेब जुळतो. प्रयोगांतून साधारणपणे ग्रॅम खाद्याला दहा लाख ते शंभर कोटी जिवाणू दिले गेले आहेत. ग्रॅमला एक कोटी हा मधला आकडा डोक्यात ठेवा आणि पाकिटावरच्या संख्येवरून किती पावडर लागेल ते काढा.

मात्र कोणता जिवाणू, हे बघा. बॅसिलस सबटिलिस, बॅसिलस लायकेनिफॉर्मिस यांचे बीजाणू पेलेट (खाद्याच्या गोळ्या) बनवतानाची उष्णता बऱ्यापैकी सोसतात. लॅक्टोबॅसिलस सोसत नाहीत. ते तयार खाद्यावर, खाद्य थंड झाल्यावर, थोड्या तेलात कालवून वरून लावायचे, सावलीत सुकवायचे आणि त्याच दिवशी संपवायचे. पेडिओकॉकस ॲसिडिलॅक्टिसीच्या एका वाणाला (जातीतल्या एका ठरावीक वंशाला) युरोपियन संघाने २००९ मध्ये सामन वर्गातल्या माशांसाठी आणि कोळंबीसाठी परवानगी दिली. तिथे नावापुढे वाणाचा क्रमांकही नोंदलेला असतो आणि परवानगी त्या क्रमांकाला असते. तुमच्या पाकिटावर नुसतं 'बॅसिलस प्रजाती' लिहिलं असेल तर विक्रेत्याला वाण विचारा.

वाणावर मी इतकी अडून का बसते, ते सांगते. वर ज्या एरोमोनासला आपण आरोपी केलं, त्याच कुळातल्या एरोमोनास सोब्रियाच्या एका वाणाने ट्राउट माशांना स्ट्रेप्टोकोकसच्या रोगापासून वाचवल्याचं ब्रायन ऑस्टिन यांच्या गटाने स्कॉटलंडमध्ये दाखवलं. उलट बाजूही आहे. व्हिब्रिओ पॅराहिमोलिटिकस समुद्रात सर्वत्र असतो, पण त्यातल्या काही वाणांकडे विषाची दोन जनुकं वाहणारा एक प्लाझमिड (मुख्य गुणसूत्राबाहेरचं डीएनएचं छोटं वर्तुळ) आहे. कोळंबीची तळीच्या तळी रिकामी करणाऱ्या रोगामागे याच जातीचा खास वाण होता, हे ॲरिझोना विद्यापीठाच्या डोनाल्ड लाइटनर यांच्या गटाने २०१३ मध्ये शोधलं. जातीचं नाव वाचून जिवाणू भला की बुरा हे ठरत नाही.

रात्रभर फुगवण्याबद्दल. उघड्या पिंपात, गोड पाण्यात, उबदार हवेत सकाळी जे वाढलेलं असतं ते पाकिटातलंच असेल याची खात्री कोण देणार? फसफसणं म्हणजे कोणीतरी वाढलं, एवढंच. उकळून निववलेलं पाणी, झाकणाचं स्वच्छ भांडं आणि वास-रंगाकडे लक्ष एवढं पाळणार असाल तर करा. मी स्वतः कोरडी पावडर तेलात कालवून लावणं पसंत करते.

आणि सातत्य ठेवा. देणं थांबवलं की आतड्यातली त्या जिवाणूंची संख्या बहुतेक वेळा काही दिवसांत, फार तर काही आठवड्यांत ओसरते. महिन्यातून एकदा 'डोस' देऊन काही साधत नाही. बोटुकली (बोटाएवढी पिल्लं) सोडण्याच्या आधीपासून, हंगाम बदलताना, प्रतवारी किंवा वाहतुकीच्या आधी आणि नंतर असा सलग काळ निवडा.

प्रश्न : आमच्या बीजकेंद्रात टाक्या ब्लीचिंगने धुऊन, पाणी निर्जंतुक करून घेतो. तरी पिल्लं चौथ्या-पाचव्या दिवशी पटापट मरतात. इतकी स्वच्छता असूनही?

स्वच्छतेमुळेही असू शकेल, हे ऐकायला विचित्र वाटेल. निर्जंतुक पाणी म्हणजे मोकळं रान. त्यात पिल्लं आणि जिवंत खाद्य सोडलं की विष्ठा, उरलेलं खाद्य असं अन्न एकदम उपलब्ध होतं, आणि मोकळ्या रानात आधी पोचतात ते झपाट्याने वाढणारे संधिसाधू; व्हिब्रिओ त्यांतलाच. नॉर्वेतल्या ओलाव वाडस्टाइन आणि सहकाऱ्यांनी १९९० च्या दशकापासून यावर काम केलं. त्यांचा उपाय साधा आहे : निर्जंतुक केलेलं पाणी लगेच न वापरता जैविक गाळणीतून फिरवत ठेवायचं, म्हणजे सावकाश वाढणारे, थोडक्यात भागवणारे जिवाणू आधी जागा धरतात. असं मुरलेलं पाणी वापरल्यावर समुद्री माशांची पिल्लं जास्त जगली.

पिल्लांच्या बाबतीत प्रोबायोटिकवर माझा भरवसा मोठ्या माशांपेक्षा जास्त आहे. त्यांची स्वतःची प्रतिकारशक्ती अजून घडायची असते, लस देऊन उपयोग नसतो, आणि आतडं नुकतंच उघडलेलं असतं. पहिला येणारा जिवाणू तिथे खरोखर वजन राखतो. रोटिफर आणि आर्टेमिया, म्हणजे पिल्लांना खायला घालतो ते बारीक जीव, हे त्याचं वाहन. पण लक्षात घ्या, तीच वाहनं व्हिब्रिओही भरभरून आणतात. आर्टेमियाची अंडी फोडण्याचं तुमचं भांडं मला टाकीपेक्षा जास्त संशयास्पद वाटतं. त्या पाण्याचा नमुना टीसीबीएस माध्यमावर (प्रयोगशाळेत व्हिब्रिओ वाढवायचं खाद्य) लावून बघा, पिवळ्या-हिरव्या वसाहती किती येतात ते कळवा.

प्रश्न : प्रतिजैविक चालू आहे. सोबत प्रोबायोटिक दिलं तर दुप्पट गुण येईल ना?

एका हाताने पेरायचं आणि दुसऱ्या हाताने तणनाशक मारायचं, असं होईल. तपासणीवरून ठरलेलं, माशांसाठी परवानगी असलेलं प्रतिजैविक ठरलेल्या दिवसांपर्यंत पूर्ण द्या, विक्रीआधीचा थांबण्याचा काळ पाळा, आणि मग खाद्यातून प्रोबायोटिक सुरू करा. रिकाम्या झालेल्या आतड्यात त्याला तेव्हा जागा असते. पोटॅशियम परमँगनेट किंवा क्लोरीन वापरल्यावरही तोच नियम.

"माझं प्रोबायोटिक प्रतिजैविकाला दाद देत नाही, त्यामुळे सोबत चालतं" असं कोणी अभिमानाने सांगितलं, तर ते पाकीट परत करा. १९८६ मध्ये कोझासा यांनी बॅसिलस टोयोईचे बीजाणू यलोटेल माशांना दिले. मत्स्यपालनातल्या प्रोबायोटिकचा इतिहास सहसा तिथून सांगतात. २०१३ मध्ये युरोपियन संघाने याच जिवाणूची पशुखाद्यातली परवानगी स्थगित केली. तो बॅसिलस सीरियसच्या गटातला आहे, आणि टेट्रासायक्लिन व क्लोरॅम्फेनिकॉल यांना दाद न देण्याचा गुण त्याच्याकडे असल्याचं तपासात आढळलं. असा गुण एका जिवाणूकडून दुसऱ्याकडे जाऊ शकतो. रोगजंतूच्या शेजारी प्रतिकाराची जनुकं आपण होऊन नेऊन ठेवणं, हे कोणत्याही हिशेबात बसत नाही.

प्रतिजैविकांचा वापर कमी कसा होतो, हे बघायचं तर पुन्हा नॉर्वे. तिथल्या सामन-पालनात १९८७ च्या सुमारास वर्षाला पन्नास टनांच्या आसपास प्रतिजैविकं लागत. आज उत्पादन दहा लाख टनांच्या पुढे आहे आणि प्रतिजैविक टनभर किंवा त्याहूनही कमी. हे लसींमुळे झालं, आणि एका पिढीचे मासे काढल्यावर पिंजऱ्यांची जागा काही काळ रिकामी ठेवण्याच्या शिस्तीमुळे. प्रोबायोटिकचं नाव त्या यादीत वर येत नाही. हे मी प्रोबायोटिक वापरणारी असूनही सांगते.

प्रश्न : घरच्या काचपेटीत माशांवर मिठाच्या कणांसारखे ठिपके आले. बाटलीतले 'चांगले जिवाणू' घातले, दोन दिवसांत ठिपके गेले! मग पाच दिवसांनी दुप्पट आले.

ते जिवाणूंनी गेले नव्हते. हा इक, म्हणजे पांढऱ्या ठिपक्यांचा परजीवी. कातडीखाली पोसून तो आपणच गळून तळाशी जातो, तिथे विभागून शेकडो पिल्लं सोडतो, आणि ती एक-दोन दिवसांत मासा गाठतात. तुम्ही पाहिलेला 'गुण' म्हणजे तो गळून पडल्याचा दिवस होता. औषध लागू पडतं ते फक्त पाण्यात पोहणाऱ्या पिल्लांना. कातडीखालच्याला आणि तळाच्या कोशातल्याला नाही. म्हणून उपचार एकदा करून भागत नाही, ठिपके दिसेनासे झाल्यावरही चालू ठेवायचा. २५ अंशांना त्याचं चक्र आठवड्याच्या आत पुरं होतं, १० अंशांना महिन्याहून अधिक लागतो. थंड पाण्यात उपचारही तितका लांबवा. तळाची वाळू रोज शोषून घ्या. नवा मासा आणला की आधी वेगळ्या टाकीत काही आठवडे.

प्रश्न : आजारी मासे हाताळल्याने आम्हाला काही होतं का?

माशांचे बहुतेक विषाणू माणसाला धरत नाहीत. काही जिवाणू मात्र धरतात. १९९५-९६ च्या हिवाळ्यात टोरांटो परिसरात ताजे तिलापिया मासे साफ करताना हाताला टोचून घेतलेल्या लोकांना स्ट्रेप्टोकोकस इनिएचा संसर्ग झाला होता. हातावर चीर असेल तर हातमोजे घाला, काटा टोचला तर लगेच साबणाने धुवा. आणि बोटावर किंवा मनगटावर एखादी गाठ किंवा जखम आठवडेच्या आठवडे भरत नसेल तर डॉक्टरांना आपण होऊन सांगा की मी मासे हाताळतो. मायकोबॅक्टेरियम मरिनम हा जिवाणू ३० अंशांच्या आसपास वाढतो. प्रयोगशाळेने नमुना नेहमीप्रमाणे ३७ अंशांवर ठेवला तर तो निसटू शकतो. तुम्ही सांगितल्याशिवाय त्यांना तसा संशय यायचं कारण नाही.